काटा पाचावर

दहा वाजायच्या आतच जिन्यावर पाय ठेवायला जागा उरली नव्हती. खाली कपडे धुवायचं दुकान आणि वर लांबट खोली, जिथे एके काळी सोफे आणि कपाटं विकायला ठेवत. त्या खोलीत शिरायला माणसं एकमेकांच्या टाचा तुडवत उभी होती. कुणाचा गुडघा, कुणाची साखर, कुणाची उडालेली झोप. आतून बाहेर येणारा प्रत्येक जण उतरता उतरता बोटांनी आकडा दाखवायचा.

"माझा साडेतीन."

"माझा चार. मागच्या खेपेला दोनच होता."

निकालाच्या दिवशी शाळेच्या फाटकात दिसतात तसले चेहरे इथे साठीपुढच्या माणसांवर दिसत होते.

मधल्या पायरीवर ताई उभी होती, आणि तिच्या मागे तिचा धाकटा भाऊ खटपट्या. खटपट्या हे काही खरं नाव नव्हे. सहा वर्षांचा असताना त्याने घरातलं घड्याळ उघडून त्याचे सोळा तुकडे केले, तेव्हा ताईनेच त्याचं हे बारसं केलं, आणि आता पंचावन्नाव्या वर्षी गल्लीतली शेंबडी पोरंही त्याला याच नावाने हाक मारतात. जुन्या वस्तूंच्या दुकानांतून जुने स्टिरिओ रिसीव्हर हुडकायचे, घरी आणून उघडायचे, साफ करायचे आणि पुन्हा गायला लावायचे, हा त्याचा उद्योग. रिसीव्हर म्हणजे रेडिओ आणि अँप्लिफायर एकाच जडशीळ पेटीत. समोर चकचकीत पत्रा, मोठाली बटणं आणि काचेमागे हलणारा एक काटा. उचलताना कंबर धरते, पण चालू केल्यावर त्यातला पिवळा उजेड पाहिला की खटपट्याला कंबर आठवत नसे.

तो आज आला होता तो ताईच्या हट्टापायी. "एकदा बघ तरी," ती आठवडाभर म्हणत होती. "तुझ्यासारख्याला तर आवडेलच. यंत्र आहे, गंडादोरा नाही."

खोलीच्या टोकाला टेबल, टेबलावर काळं मखमली कापड टाकून झाकलेली पेटी. कापडाच्या चौकोनी भोकातून फक्त पेटीचा पुढचा भाग दिसत होता. पिवळी उजळलेली काच, त्यात काटा, डाव्या बाजूला धरायला एक धातूची मूठ. पेटीमागे पांढरा सदरा घातलेला, चोपून केस बसवलेला गृहस्थ. लोक त्याला काटेबुवा म्हणत, आणि तो ते मोठ्या नम्रतेने खपवून घेई.

"मी डॉक्टर नाही," काटेबुवा सांगत होता. आवाज लोणी लावल्यासारखा. "मी कुणाला औषध देत नाही. कुणाला औषध सोडा म्हणतही नाही. मी कोण सांगणारा? प्रत्येक देहात जीवनलहरी असतात. डॉक्टरांच्या यंत्राला आजार दिसतो, या यंत्राला आरोग्य दिसतं. मी फक्त काटा वाचतो. हात मिठाच्या पाण्यात बुडवा. मूठ घट्ट धरा. मन रिकामं करा."

मन रिकामं करायला सांगायची खरं तर गरज नव्हती, ते काम जिन्यावरच उरकलेलं होतं.

एक हमाल पुढे झाला. पहिलीच खेप, पाठ धरलेली. त्याने मूठ धरली. काटा थरथरला, दीडवर गेला आणि तिथेच थांबला. खोलीभर हळहळ पसरली. काटेबुवाने डोळे मिटले, डावा हात कापडाखालून पेटीच्या कडेवर ठेवला आणि पुटपुटला, "अरेरे, लहरी आटल्यात. पण घाबरू नका. सात खेपा."

मग ताईची पाळी आली. तिने पदर सावरला, पाण्यात हात बुडवला, मूठ धरली. काटा उठला. दोन, तीन, चार; आणि थेट पाचावर जाऊन काचेच्या कडेला टेकला.

"पाहा," काटेबुवा उभा राहिला. "या ताई. छातीत धातूची झडप. पहिल्या दिवशी काटा होता एकावर. अकरा दिवसांपूर्वी यांनी स्वतःच्या मनाने आपल्या गोळ्या या बरणीत टाकल्या. आणि आज?"

"पाच," लोक एका सुरात म्हणाले.

टेबलाशेजारी हातभर उंचीची काचेची बरणी होती. वर चिठ्ठी, 'उतरवलेलं ओझं'. बरणी निम्म्याच्या वर भरली होती, औषधांच्या पाकिटांनी आणि बाटल्यांनी. खटपट्याने पाहिलं, तर काचेला चिकटून ताईच्या गोळ्यांचं निळं पाकीट होतं. रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या. झडप बसवली त्या दिवशी डॉक्टरबाईंनी दोघांना समोर बसवून बजावलं होतं की जन्मभर यात एका दिवसाचाही खाडा चालणार नाही, नाहीतर झडपेवर रक्ताची गुठळी धरेल. आणि तेवढ्यात त्याचं लक्ष मुठीकडे गेलं.

ती मूठ म्हणजे मुळात ड्रॉवर ओढायचं हँडल होतं. तिला दोन स्क्रू होते, एक पांढरा, एक पितळी. दुसरा पांढरा मिळाला नव्हता म्हणून पितळी लावलेला. हे खटपट्याला माहीत होतं, कारण तो स्क्रू त्यानेच पिळला होता.

दोन वर्षांपूर्वी हीच पेटी त्याला जुन्या वस्तूंच्या दुकानात, इस्त्र्या आणि फुटक्या लँपशेडच्या मागे, पालथी पडलेली सापडली होती. कुणीतरी ती आपटली होती. मागची एरियल मोडलेली, एरियलची तार लावायचा स्क्रू तुटलेला. त्याने फुगलेले कपॅसिटर बदलले, बटणांतली खरखर काढली, दिवे नवे घातले. पण एरियलचं काय करायचं? मग त्याला एक गंमत सुचली. एरियलची आतली तार त्याने पुढे आणून एका हँडलला जोडली, आणि ते हँडल लाकडी बाजूपट्टीवर स्क्रूने बसवून दिलं. नुसती मूठ म्हणजे आखूड एरियल, स्टेशन क्षीण लागायचं. पण माणसाने मूठ धरली की माणूसच एरियल. अंगभर लांबीची. स्टेशन जोरात येई आणि जोर दाखवणारा काटा टुणकन उडे.

शनिवारच्या बाजारात पांढऱ्या सदऱ्याच्या एका गिऱ्हाइकाला त्याने ही गंमत दाखवली होती. गिऱ्हाइकाने चार वेळा दाखवायला लावली, आणि हा शहाणा खूश होऊन चार वेळा दाखवत बसला होता.

रस्त्यावर आल्यावर त्याला धड चालता येईना. कधी ताईच्या पुढे, कधी मागे.

"ताई, गोळ्या कधी सोडल्यास?"

"ऐकलंस ना. अकरा दिवस."

"मला का नाही सांगितलंस?"

"तू हेच केलं असतंस. हे जे आता करतोयस." ती शांतपणे चालत होती. "किती वर्षं बोटं टोचून घेऊ मी? दर महिन्याला रक्त. जरा धक्का लागला की काळंनिळं. अकरा दिवसांत एक डाग नाही उठला. बघ हात."

"डाग उठत नाहीत कारण रक्त घट्ट होतंय! ताई, ती पेटी माझी आहे. मी बनवलेली. तो काटा रेडिओच्या स्टेशनचा जोर दाखवतो."

ताई थांबली. लहानपणी आई गेल्यावर हिनेच याचे केस विंचरले होते, याला शाळेत सोडलं होतं. तिच्या डोळ्यांत राग नव्हता, थोडी कीव होती.

"आता तुझी झाली होय? उगाच कुणाच्या पोटावर पाय आणू नकोस. आणि काय रे, मीटर लावून बसायचास तेव्हा तूच म्हणायचास ना, माणूस खोटं बोलेल, काटा खोटं बोलत नाही?"

म्हणायचा खरा. हजारदा म्हणाला होता, आणि म्हणताना त्याला फार शहाणं वाटायचं.

दुपारी तो दवाखान्यात जाऊन डॉक्टरबाईंच्या दारात उभा राहिला. "अकरा?" डॉक्टरबाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. "असतील तशा घेऊन या त्यांना. आत्ता. रक्त तपासून मी ठरवते. गुठळी सुटून मेंदूत गेली तर मला बोलावूही नका, उपयोग नसतो." मग आवाज उतरवून म्हणाल्या, "रक्त तपासायला आल्या नाहीत म्हणून मी तीनदा फोन केला. आज म्हणाल्या, माझा पाच आलाय."

संध्याकाळी त्याने ताईला घरी बोलावलं. टेबलावर दुसरा एक रिसीव्हर उघडा मांडून ठेवला होता. त्याने स्टेशन लावलं, आवाज पूर्ण बंद केला आणि ताईचं बोट एरियलच्या स्क्रूवर टेकवलं. काटा दोनवरून चारवर गेला.

"बघितलंस?" तो विजयी मुद्रेने म्हणाला.

ताईचा चेहरा उजळला. "अय्या. म्हणजे तुझ्या यंत्रालाही माझ्या लहरी कळतात."

खटपट्याने कपाळाला हात लावला. आपण केलं काय, तर बुवाची दुसरी शाखा उघडली. तो ओरडला, ताई ओरडली, "मला माझ्या जिवाचं कळतं," म्हणाली आणि तरातरा निघून गेली. तिची छत्री तेवढी खुर्चीला अडकून राहिली. जुनी, लोखंडी दांड्याची, काड्याही लोखंडी. त्याने चिडून ती उचलली आणि बाजूला भिरकावली. ती रिसीव्हरवर पडली, टोक मागच्या स्क्रूला टेकलं आणि छत्री अर्धवट उघडली.

काटा वर गेला.

खटपट्या पाहतच राहिला. मग त्याने छत्री पूर्ण उघडली. काटा आणखी वर. मिटली, काटा खाली. त्याची चूक त्याच्या लक्षात आली. माणसाचा हात लावून दाखवलं तर लोक माणसातच काहीतरी शोधणार. ज्यात जीवच नाही असं काहीतरी लावायला हवं. आणि ते एकट्या ताईला दाखवून भागणार नव्हतं. त्या बरणीत निळं पाकीट एकच असलं तरी पाकिटं शंभर होती. पण शंभरांसमोर दाखवायचं तर ही मूठ कुणी बसवली, तेही शंभरांसमोर सांगावं लागणार होतं.

सकाळपर्यंत त्याने घरात इतक्या येरझारा घातल्या की बायको म्हणाली, "एक तर बसा, नाहीतर फरशी पुसायचं फडकं तरी पायाला बांधा."

दुसऱ्या दिवशी तो रांगेत पहिला होता. काखेत छत्री, पिशवीत एक लहानसा स्पीकर. ताई आली ती त्याला पाहून मान वळवून भिंतीशी उभी राहिली. कालचा हमालही होता.

"या," काटेबुवा म्हणाला. त्याने खटपट्याला ओळखलं नव्हतं. दुरुस्ती करणाऱ्याचा चेहरा कोण लक्षात ठेवतो? "हात पाण्यात बुडवा."

"मी बरा आहे," खटपट्या म्हणाला. "हिला तपासा. हिची काडी निखळते सारखी."

आणि त्याने छत्री उघडून टेबलावर उलटी ठेवली, दांडा मुठीला टेकवला आणि दोन्ही हात वर करून तीन पावलं मागे सरकला.

काटा तीनवर गेला. चारवर गेला. काचेमागे थोडा घुटमळला आणि चारच्या पुढे जाऊन थांबला.

मागून कुणीतरी म्हणालं, "छत्रीचा चार?"

"साडेचार," पुढच्या रांगेतल्या एका आजींनी चष्मा सावरत दुरुस्ती केली. त्यांचा स्वतःचा काल तीन आला होता, आणि ते त्यांच्या जिव्हारी लागलेलं दिसत होतं.

काटेबुवा हसला. अशा लोकांना पडायचीही सवय असते आणि उठायचीही. "साहजिक आहे. तुम्ही इतकी वर्षं ही छत्री हाताळलीत. तुमच्या लहरी तिच्यात मुरल्या."

"माझी नाही ती. ताईची आहे."

"मग ताईंच्या लहरी. त्यांचा पाच आहे, हे सगळ्यांना ठाऊक आहे."

खोलीत सुटकेचा उसासा निघाला. काल घरी झालं तेच इथे होणार की काय? खटपट्याने खिडकीकडे पाहिलं. खालच्या धुलाईच्या दुकानाची, कपडे वाळत घालायची लोखंडी घोडी बाहेर गच्चीत उभी होती. तो धावत गेला, दोन ओले टॉवेल बाजूला सारून घोडी फरफटत आत घेऊन आला, छत्री उचलली आणि घोडीचा पाय मुठीला टेकवला.

काटा सणकन पाचावर गेला.

"ही कुणी हाताळली?" खटपट्या म्हणाला. "हिची प्रकृती या खोलीत सगळ्यांपेक्षा ठणठणीत आहे. हिला कुठल्या गोळ्या सोडायला सांगता?"

पहिला हसला तो हमाल. पाठ धरून हसला. मग आजी. हसू जिन्यापर्यंत गेलं.

"यंत्राची विटंबना!" काटेबुवाचा लोण्यासारखा आवाज पहिल्यांदाच चिरकला. त्याने पेटी ओढायला हात घातला, पण आजी टेबलावर कोपर टेकून उभ्या राहिल्या होत्या आणि त्यांना ढकलायची त्याची छाती झाली नाही.

"तुमचं यंत्र मौनात का असतं, ते बघू," खटपट्या म्हणाला. त्याने घोडी बाजूला केली, स्पीकरची वायर पेटीच्या हेडफोनच्या भोकात खुपसली, कापडाखाली हात घालून आवाजाचं बटण फिरवलं आणि मूठ धरली.

लख्ख आवाजात एक बाई म्हणाली, "पाठीला आराम, झोपेला आधार! आमच्या गाद्या घ्या, दहा वर्षांची हमी!"

त्याने मूठ सोडली, बाई खरखरीत बुडाली. धरली, बाई वर आली. काटाही तिच्याबरोबर खाली, वर.

"या त्या जीवनलहरी. गाद्यांच्या जाहिरातीच्या. माणूस असो, छत्री असो की घोडी, मुठीला काही लांबलचक जोडलं की एरियल मोठी होते आणि स्टेशन जोरात येतं. काटा तेवढंच सांगतो. मीठपाण्याने हात नीट चिकटतो, बस."

"पण मग माझा दीड का?" हमालाने विचारलं. "आणि या ताईंचा पाच का? मी तर त्यांच्याहून उंच आहे."

"चांगला प्रश्न विचारलास. बुवा, दोन मिनिटं जरा हात वर करता?"

काटेबुवाचा डावा हात एव्हाना पुन्हा कापडाखाली सरकला होता. सगळ्यांच्या नजरा तिकडे वळल्यावर तो हळूच बाहेर आला. खटपट्याने मखमली कापड ओढून काढलं. हात होता तिथे स्टेशन बदलायचं मोठं बटण होतं.

"हे केसभर सरकवलं की स्टेशन निसटतं आणि काटा पडतो. पहिल्या खेपेला निसटतं ठेवायचं. सातव्या खेपेला नेमकं लावायचं. ये, आता धर."

हमालाने मूठ धरली. काटा पाचावर. त्याने पाठ चाचपली आणि म्हणाला, "दुखतं तर तेवढंच आहे."

आजींनी धरली. पाच. धुलाईवाला आपली घोडी शोधत वर आला होता, त्यालाही कुणीतरी धरायला लावलं. पाच. आता कुणी हसत नव्हतं. एक एक जण बरणीकडे बघायला लागला होता.

"तुम्हाला एवढं सगळं कसं ठाऊक?" काटेबुवाने शेवटचं हत्यार काढलं. "हा माणूस धंद्यावर जळतोय. विचारा याला."

हाच प्रश्न खटपट्याला रात्रभर बोचत होता. त्याने खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला, झाकणाचे चार स्क्रू सोडवले आणि झाकण उचललं. आत पत्र्यावर पेन्सिलीने तारीख लिहिलेली होती आणि खाली 'खटपट्या'. दुरुस्त केलेल्या प्रत्येक पेटीत तो असं लिहायचा.

"कारण हे मी केलं," तो म्हणाला. "ही तार मी जोडली. ही मूठ मी बसवली. बाजारात यांना गंमत म्हणून मीच दाखवलं. लबाडी यांची, पण हत्यार माझं. मला दोष द्या, हवं तर मारा. पण आज इथून आधी आपापल्या डॉक्टरकडे जा. आणि बरणीत हात घालू नका, कुणाच्या गोळ्या कुणाच्या तोंडात जातील."

कुणी मारलं नाही. एक जण मात्र "तुझ्यामुळे" एवढंच म्हणून निघून गेला, आणि ते खटपट्याला माराहून जास्त लागलं. काटेबुवाला धुलाईवाल्याने आणि हमालाने दोन बाजूंनी धरून खुर्चीवर बसवलं. पोलीस येईपर्यंत तो विश्वाच्या कंपनांबद्दल बोलत होता, पण ऐकायला फक्त घोडी होती.

ताई पुढे आली. तिने उघड्या पेटीत वाकून पाहिलं. तार मुठीपासून आत कुठे जाते, ते बोटाने हवेतच गिरवलं. मग सरळ उभी राहिली.

"मला पहिल्या दिवशी एक आला ना," ती हळू म्हणाली, "तर घरी जाऊन रडले होते रे. आणि काल पाच आला तर..." तिने छत्री उचलली. "चल. कुठे टोचायचं ते टोचू देत."

दवाखान्यात डॉक्टरबाईंनी बोटाला सुई लावली, रक्ताचा थेंब पट्टीवर घेतला, पट्टी छोट्या यंत्रात सारली. खटपट्या उभाच होता. खुर्ची होती, पण त्याला बसवत नव्हतं. काचेवर आकडा उमटला. डॉक्टरबाई तोंड उघडणार, तोच ताईने त्यांचा हात धरला.

"थांबा. आधी सांगा, हे काय मोजतं?"

डॉक्टरबाई क्षणभर गोंधळल्या. मग त्यांनी यंत्र तिच्याकडे वळवलं आणि समजावून सांगितलं. रक्ताची गुठळी धरायला किती वेळ लागतो ते. निरोगी माणसात आकडा एक येतो, झडप असलेल्या माणसाला अडीच ते साडेतीन लागतो.

"माझा किती?"

"एक पूर्णांक एक दशांश. गोळ्यांआधी गोठायचं तसं रक्त गोठतंय. झडपेचा आवाज अजून स्वच्छ आहे, नशीब समजा. दाखल व्हावं लागेल. आकडा वर येईपर्यंत इंजेक्शनं."

"आणि खोटा आकडा आला तर कसं कळणार?"

"शिरेतून रक्त घेऊन दुसरीकडेही तपासू. दोन्ही जुळायला हवेत. शंका आली तर तिसऱ्यांदा."

ताईने मान हलवली. "असं सांगणारा हवा," ती म्हणाली आणि बाही वर सारली. खटपट्याने तोंड भिंतीकडे वळवलं, कारण त्याला रडू आवरत नव्हतं.

नऊ दिवसांनी ती घरी आली. हातावर इंजेक्शनांचे काळेनिळे डाग होते, आणि ते ती येईल त्याला कौतुकाने दाखवत होती.

वाचकहो, बुवा काही आभाळातून पडत नाही. त्याच्या हाती मूठ देणारा कुणीतरी शहाणा आपल्यातच असतो, आणि ती मूठ धरणारे आपणच असतो. दिवा लागला, काटा हलला, आकडा आला की आपण मान तुकवतो. गंडादोऱ्याला हसणारेही यंत्रापुढे हात जोडतात. काटा खोटं बोलत नाही हे खरंच आहे, पण तो कशाबद्दल बोलतोय ते विचारायला पैसे पडत नाहीत आणि लाजही वाटायचं कारण नाही. ज्याला त्या प्रश्नाचा राग येतो, त्याच्या दारातून उठून यावं.

खटपट्या अजून रिसीव्हर दुरुस्त करतो, पण आता तो कुठल्याही पेटीला मूठ बसवत नाही. काट्याच्या काचेखाली मात्र एक चिठ्ठी चिकटवलेली असते, ताईच्या मोठ्या, ठळक अक्षरात: 'हा काटा स्टेशनचा जोर दाखवतो. तुमचा नाही.' चिठ्ठी चिकटली आहे की नाही, हे ती स्वतः येऊन पाहिल्याशिवाय एकही पेटी त्याच्या घराबाहेर पडत नाही.